वाचकांचे प्रश्न : किशोरांच्या व्यसनमुक्तीसाठी निधी कोठे मागावा?

प्रश्न : आमचे दापोली तालुक्यातील बंदराचे गाव आहे. आठवी-नववीतली काही मुले माव्यापासून सुरुवात करून आता पंक्चरचे सोल्यूशन हुंगू लागली आहेत आणि १ जूनपासून मासेमारीबंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागल्या की हे प्रकार वाढतात. आमचे मंडळ नोंदणीकृत आहे. व्यसनमुक्ती केंद्र काढण्यासाठी अनुदान मिळेल काय? – एक वाचक, दापोली

उत्तर : सोल्यूशनचा जो उल्लेख आपण ओघात केला आहे, तोच अर्जात सर्वांत आधी यायला हवा. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला, की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये (१.१७ टक्के) अधिक होते.

निवासी केंद्राचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. इमारत, खाटा आणि डॉक्टर यांचा खर्च लहान मंडळाला पेलवत नाही, आणि नववीतल्या मुलाला घरापासून तोडून ठेवण्यापूर्वी करण्यासारखे पुष्कळ काही असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या, अमली पदार्थांची मागणी घटवण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात समवयस्क मुलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत वस्तीत काम करण्याची स्वतंत्र तरतूद आहे. आपल्या गावाला तीच लागू पडते. अर्ज ‘ई-अनुदान’ या संकेतस्थळावरून करावा लागतो आणि त्यासाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंद हवी. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल आताच जुळवून ठेवा, आणि अर्जापूर्वी रत्नागिरीच्या समाज कल्याण कार्यालयात समक्ष जाऊन बोला.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा (सीएसआर). कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तेच कलम सांगते. म्हणून मुंबईकडे पाहण्याआधी शेजारच्या खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडे जावे. आयकराची १२अ (संस्थेला करमाफी) व ८०जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी आणि असा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून मिळणारा सीएसआर-१ क्रमांक नसेल, तर ही बोलणी पुढे सरकत नाहीत. छोट्या रकमेसाठी ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून ग्रामसभेत मागणी करता येईल.

अंदाजपत्रकाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. फलक, टोप्या आणि प्रभातफेरी यांसाठी पैसे सहज मिळतात, परंतु फेरी संपल्यावर ज्या मुलाच्या शर्टाला सोल्यूशनचा वास येतो त्याच्याशी आठवड्यामागून आठवडे बोलणारे माणूस लागते, त्याच्या आईला भेटणारे आणि शाळा सुटू नये म्हणून मुख्याध्यापकांकडे जाणारे माणूस लागते. त्या समुपदेशकाचे बारा महिन्यांचे मानधन आणि प्रवासखर्च हीच मुख्य बाब ठेवा, मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत रोजचा उपक्रम दाखवा, आणि देणगीदाराने कात्री लावायची म्हटली तर ती फलकांना लागू द्या.

मंजुरीला महिने लागू शकतात. तोवर मुलांना शासकीय रुग्णालयातील ‘मैत्री क्लिनिक’मध्ये घेऊन जावे, कारण १० ते १९ वयोगटासाठीच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात व्यसनाचा विषय समाविष्ट आहे, पालकांना १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा. क्लिनिकमध्ये नेलेल्या मुलांची नोंद, नावे गुप्त ठेवून, वहीत करत राहा. पुढच्या अर्जाला तीच जोडायची आहे.