बारदान कोणाला कळतं?

नागपूरच्या महाल भागातल्या एका किराणा दुकानदाराचं चार पानी पत्र आलंय. मुलगी बारावीला आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी. तिला चित्रकलेत पदवी करायची आहे, आणि सध्या ती दुकानातलं रिकामं तागाचं बारदान फाडून चौकटीवर ठोकते, त्यावर गेरू आणि चुना फासते. वडील विचारतात, "जे चित्र साध्या माणसाला समजत नाही, त्याच्यासाठी चार वर्षं अन् पैसा कशाला घालायचा? कमर्शियल तरी घे म्हणतो, नाहीतर बी.कॉम. करून दुकानात बस. तुम्हीच समजवा तिला." शेवटच्या पानाच्या पाठीवर पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात, एक ओळ आहे : "मी सामान्य माणसासाठी चित्रं काढत नाही." ती वडिलांनी पाहिली नसावी.

भाऊ, नमस्कार.

तुम्ही शाखेचं विचारलंय, पण मी अडकलो तिसऱ्या पानावर. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाहुणे होते. तुम्ही पोरीची तीन चित्रं आतून आणून सोफ्याला टेकवलीत आणि जेवून उठलेल्या एकेकाला विचारलंत, "सांगा, हे काय आहे?" साळ्याने एक चित्र उलटं धरलं. कोणीतरी म्हणालं, "काही समजूनच नाही राहिलं बा!" सगळे हसले. अकरापैकी एकालाही कळलं नाही, हे तुम्ही आकड्याखाली दोन रेघा ओढून लिहिलंय. त्या वेळी पोरगी कुठे होती, ते मात्र चार पानांत कुठेच नाही. मला विचाराल तर ती स्वयंपाकघरात होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

पुरणपोळी खाऊन जड झालेल्या अकरा माणसांना उभं करून उत्तर मागितलं, आणि उत्तर आलं नाही की हसायचं, हेही ठरलेलं. यात चित्राची परीक्षा झाली नाही. घरातल्या मोठ्या माणसाने सतरा वर्षांच्या मुलीला पाहुण्यांसमोर उघडं पाडलं, एवढंच झालं. त्यानंतर ती खोलीचं दार लावून घेते, जेवायला उशिरा येते, "डोक्यात हवा गेली" असं तुम्ही लिहिता. हवा वगैरे काही नाही. मागची ती पेन्सिलीची ओळ त्याच दिवसाची आहे. सामान्य माणूस म्हणजे तिच्या लेखी आता ते अकरा जण आणि तुम्ही. मी तिच्या जागी असतो तर याहून वाईट लिहिलं असतं.

आता तुमचा मोठा गैरसमज. साध्या माणसाला हुबेहूब चित्रच कळतं, बाकी सगळं शिकलेल्यांचे चोचले, असं तुम्ही धरून चाललात. महालात राहून हे म्हणता? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत उभे राहा. काळी मारबत, पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घालवायला मिरवत नेतात ते बाईचे पुतळे, आणि मागून बडगे, म्हणजे चालू गोष्टींची टर उडवणारे पुतळे. पिवळीची परंपरा 1885 पासूनची सांगतात, काळीची त्याच्याही आधीची. बांबूच्या कामट्या, कागद, रंग यांची ती अवाढव्य बाई कोणत्या बाईसारखी दिसते? कोणत्याच नाही. तरी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत रस्ता फुलून जातो, आणि बडग्यात यंदा कोणाला धरलंय हे गल्लीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. कारण तो आधीपासून त्यात आहे. रोगराई त्याची, महागाई त्याची, मारबत त्याची. तुमच्या पाहुण्यांना त्या तीन चित्रांत आपलं काही आहे, असं वाटायला कोणी जागाच ठेवली नव्हती. त्यांच्यापुढे कोडं टाकलं होतं. आणि कवितेचं म्हणाल, तर याच गावात आयुष्य काढलेल्या ग्रेस यांना लोक दुर्बोध म्हणत राहिले, आणि त्यांचीच कविता टीव्हीवरच्या मालिकेचं शीर्षकगीत होऊन घराघरात पोचली. गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांनी अर्थ विचारला असेल?

कला सामान्य माणसापर्यंत पोचली पाहिजे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, तुमच्यापेक्षा जास्तच. फक्त मी ते चित्र सोपं करण्यात शोधत नाही. आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोकांनीच 'अजब बंगला' नाव दिलं. 1863 पासूनची ती जागा. मागे तिथे खेड्यावरून आलेल्या एक आजी एका दगडी मूर्तीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. सोबतचा नातू "चाल ना, पुढं वाघ आहे" म्हणून ओढत होता. आजी म्हणाल्या, "थांब रे, हिच्या पायातले तोडे पाहू दे." त्यांना मूर्तीचं शतक माहीत नव्हतं, घराणं माहीत नव्हतं. तोडे माहीत होते. जागा उघडी होती, त्यांना कोणी हटकलं नाही, आणि वेळ मिळाला, म्हणून त्या तिथवर पोचल्या. कलादालनाच्या काचेच्या दारापाशी चपला काढायच्या की घालायच्या, या विचारानेच आपले कितीतरी लोक परत फिरतात. ते दार सोपं करणारी माणसं हवी आहेत, आणि तेही करिअर आहे : संग्रहालयशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात होतं. तिच्या कानावर घाला.

प्रवेशाचं थोडक्यात. राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी, म्हणजे कलापदवीची प्रवेश परीक्षा, द्यायची, नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, बीएफए ही चित्रकलेची पदवी चार वर्षांची. यंदाच्या तारखा कक्षाच्या संकेतस्थळावर पाहा. डिझाइनकडे जायचं असेल तर यूसीड आणि एनआयडी या डिझाइनच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. सीईटीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असतं, म्हणजे समोरची बादली बादलीसारखी आणि मनातला बाजार बाजारासारखा काढता यावाच लागतो. तुमच्या मुलीला तो येतो, 'अ' श्रेणी उगाच मिळत नाही. पोरीला सरळ रेघ ओढता येत नाही म्हणून ती बारदानामागे लपते, ही शंका मनात असेल तर काढून टाका.

'कमर्शियल', म्हणजे उपयोजित कला, ही तुम्ही तडजोड म्हणून सुचवताय. ती तडजोड नाही, वेगळं काम आहे. तिथे समजणं हा कामाचाच भाग असतो. व्हेरायटी चौकात सिग्नल सुटायच्या आत वाचून झालं नाही तर ते होर्डिंग फुकट. ज्याला दुसऱ्याचा निरोप नेमका पोचवायची हौस आहे, त्याने खुशाल ते घ्यावं. पण "समजेल असं काढ" ही शिक्षा म्हणून कोणाला तिकडे ढकलू नका. चार वर्षं ती कुढत काढेल आणि कामही सुमारच करेल. पैशाचंही स्पष्ट सांगतो. नुसती चित्रं विकून घर चालवणारे थोडे. बहुतेक चित्रकार शिकवतात, पुस्तकांची मांडणी करतात, नाटकाचं नेपथ्य करतात, आणि उरलेल्या वेळात आपलं काढतात. हे तिला आज माहीत असावं, मात्र धमकीच्या सुरात नको.

आता दोन शब्द त्या पेन्सिलवालीला. बेटा, राग समजला. पण ओळ खोटी आहे. सामान्य माणसाशी तुला घेणंदेणं नसतं तर तू कॅनव्हास मागितला असतास, बापाच्या दुकानातलं पोतं उचललं नसतंस. तू काढतेस ते त्याच्याबद्दल आहे आणि त्यालाच सांगायचं राहिलंय. 'मला समजून घेणारे वेगळे असतात' हे सतराव्या वर्षी ऐकायला छान वाटतं. पुढे त्याची सवय लागते, आणि कच्चं चित्रही मग 'लोकांना कळत नाही' या पांघरुणाखाली झोपतं. तसली बरीच मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यात जाऊ नकोस.

आणि भाऊ, तुम्ही. सव्वीस वर्षं दुकान करताय, असं पहिल्याच पानावर आहे. पोत्यावर हात फिरवला की यात साखर होती की तूरडाळ, हे तुम्हाला कळतं. हमालाच्या आकड्याची भोकं कुठली, उंदराने कुरतडलेलं कुठलं, सुतळीची शिवण वखारीतली की दुकानात पुन्हा घातलेली, हे त्या अकरा जणांना काय कळणार? तिच्या कॉलेजात उद्या जे प्राध्यापक ती चित्रं पाहतील, त्यांनाही हे एवढं दिसणार नाही. हे बघू शकणारा माणूस अख्ख्या घरात एकच आहे, आणि त्याने सोफ्यासमोर उभं राहून दुसऱ्यांना विचारलं, हे काय आहे!

येत्या रविवारी रात्री शटर ओढल्यावर तिला ती तीन चित्रं दुकानात आणायला सांगा. आधी महालक्ष्म्यांच्या दिवसाबद्दल जे बोलायचं ते बोलून टाका, लांबण लावू नका. मग दिवा जवळ घ्या आणि कुठल्या पोत्यात काय होतं ते एकेक ओळखून तिला सांगा. ती काय म्हणते ते ऐका, मध्ये बोलू नका. शाखेचा अर्ज त्यानंतर भरा, ती सांगेल त्या शाखेचा.

रिकामं बारदान विकलं जातं आणि ती ते फाडते, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. त्याचे पैसे तिच्या रंगांच्या खर्चात धरा आणि वही तिलाच लिहू द्या.