आजोबांची चेनसॉ चालू होईल, पण वापरायची कशासाठी?

वळवाच्या पावसात पुण्यात झाडं कोसळायला लागली की माळ्यावरच्या चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, खाली उतरतात आणि मला पत्रं यायला लागतात. या वेळचे सगळे प्रश्न त्यामुळे या एकाच यंत्राचे घेतले आहेत.

प्रश्न: आजोबांची भवानी पेठेत टिंबर मार्केटला वखार होती. त्यांची स्टिल कंपनीची चेनसॉ पंचवीस-तीस वर्षं माळ्यावर पडून होती. दोरी ओढली की फिरते. पेट्रोल घालून सुरू करून बघू का? (कोथरूड)

नका. दोरीही आता पुन्हा ओढू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमध्ये तेलाचा थर उरलेला नसतो, भिंतीवर गंज धरलेला असू शकतो आणि सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असलं तर नवल नाही. कोरडा पिस्टन त्यावर घासला की दहा मिनिटांच्या उत्साहात न मिळणारा भाग कायमचा जातो.

आधी स्पार्क प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्चने पिस्टन बघा. बाजू गुळगुळीत, करड्या दिसल्या तर निम्मी काळजी मिटली. उभे खोल ओरखडे दिसले तर बाकी खर्च तूर्त थांबवा. पिस्टन चांगला असेल तर प्लग बाहेर ठेवूनच दोरी हळू फिरवा आणि मग कॉम्प्रेशन गेज लावा. 120 पीएसआयच्या वर आकडा आला की पुढचं काम करण्यात अर्थ आहे.

मग इंधनाची वाट. टाकीतलं जुनं पेट्रोल वाळून व्हार्निशसारखं चिकट झालेलं असतं. टाकी धुवा. आतला रबरी पाइप आणि त्याच्या टोकाचा फिल्टर न तपासता बदला. कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा फ्लोट नसतो, कारण करवत आडवी, उलटी कशीही धरावी लागते. त्याऐवजी एक पातळ पडदा असतो, म्हणजे डायफ्रॅम, आणि तो या वयाला पापडासारखा कडक झालेला असतो. कार्बोरेटरवर कोरलेला नंबर टिपून घ्या. किट त्या नंबरावरून मिळतो, करवतीच्या मॉडेलवरून शोधत बसलात तर दिवस जातील. स्टिलचं भारतातलं मुख्य कार्यालय आपल्या चाकणलाच आहे, तेव्हा प्लग, चेन आणि बारसाठी (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) वितरक गाठणं अवघड नाही.

ठिणगी येत नसेल तर फ्लायव्हीलच्या मागे सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आहेत का बघा. राजदूत-येझ्दीवर हात बसलेला कुणीही मिस्त्री हे काम डोळे मिटून करेल. पॉइंट घासून साफ करायचे, फिलर गेजने साधारण 0.4 मिलिमीटर फट ठेवायची, आणि तरीही ठिणगी अशक्त असली तर कंडेन्सर बदलायचा. फ्लायव्हील पुलरनेच काढा. हातोडी मारली की शाफ्टचं टोक चेपतं.

सगळ्यात शेवटी ऑइल सील. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील कडक झाले की तिथून हवा शिरते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि इंजिन आधी जोरात पळतं, मग जाम होतं. सोडलेल्या थ्रॉटलवर वेग आपोआप चढत असेल तर लगेच बंद करा. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून तो दोष जात नाही.

प्रश्न: टाकीच्या झाकणावर 1:25 (एक भाग ऑइल, पंचवीस भाग पेट्रोल) लिहिलंय. गॅरेजवाला म्हणतो, आताच्या ऑइलला 1:50 पुरे. त्यात पंपावर आता इथेनॉलचं पेट्रोल. काय घालू? (हडपसर)

झाकणावरचा आकडा त्या काळच्या ऑइलसाठी होता. आजचं जासो एफसी किंवा एफडी खुणेचं टू-टी ऑइल त्याहून कितीतरी चांगलं आहे, म्हणून तुमचा गॅरेजवाला अगदीच चूक नाही. चेतकच्या काळात आपण सगळ्यांनी तेच दोन टक्के घातलं. पण चेनसॉचं इंजिन पूर्ण वेगात, बऱ्याचदा पूर्ण भाराखाली चालतं. वर्षातून चार वेळा चालणाऱ्या जुन्या यंत्रात वीस मिलिलिटर ऑइल वाचवून काय मिळवणार? पहिल्या काही टाक्यांना लिटरला 40 मिलिलिटर घाला, मग 30 वर या. धूर जरा जास्त होईल, होऊ द्या. बोटींच्या इंजिनाचं ऑइल मात्र घालू नका, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं.

इथे एक गैरसमज हमखास असतो. ऑइल वाढवलं की हवा-पेट्रोलचं मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं असं लोक धरून चालतात. होतं उलट: तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी येतं, म्हणजे हवेच्या हिशोबाने मिश्रण किंचित पातळच होतं. इथेनॉलमुळेही तेच, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून ई-20 वर (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) जुनी करवत चालवताना कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगाला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा, थोडा जास्त उघडावा लागतो. एच आणि कमी वेगाचा एल, दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून एकेक फेरा उघडा आणि तिथून कानाने जा. चेन मोकळी फिरत असताना पूर्ण थ्रॉटलला आवाज जरा अडखळता, गुरगुरता हवा आणि लाकडात शिरल्यावर स्वच्छ व्हायला हवा. मोकळी असतानाच तो बारीक, किंचाळता येत असेल तर इंजिन उपाशी चाललंय.

इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. त्यामुळे ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिनाभराच्या वर ठेवू नका. काम झालं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

प्रश्न: वडिलांच्या करवतीला पुढच्या हँडलसमोर ते प्लास्टिकचं ढालीसारखं काही नाहीच. दीर म्हणतात, जपून वापरली की झालं. खरंच? (वारजे)

तुमच्या दिरांना हे उत्तर वाचून दाखवा.

ती ढाल म्हणजे चेन ब्रेकचा दांडा. असे ब्रेक 1970 च्या दशकात आले, हुस्क्वार्नाने आपोआप लागणारा ब्रेक 1973 मध्ये आणला. त्याआधीच्या करवतीत तो नसतो, आणि क्लचचा ड्रम, पट्टा, आवरण हे सगळं वेगळं असल्यामुळे बाहेरून जोडताही येत नाही. कुणी जोडून देतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

ब्रेक कशासाठी, ते आधी समजून घ्या. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग चुकून लाकडाला टेकला की तिथले दात अडकतात, पण इंजिन चेन ढकलतच असतं. तो सगळा जोर उलटा फिरतो आणि बार वर, मागे, म्हणजे थेट तुमच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या दिशेने उसळतो. याला किकबॅक म्हणतात. हा खेळ सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात आटोपतो. जपून वापरणाऱ्या माणसाचा मेंदू तोवर काही घडलंय हे ओळखण्याच्या टप्प्यालाही आलेला नसतो. चेन त्या वेळी सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावत असते. ब्रेक असलेल्या करवतीत उसळीबरोबर मनगट ढालीवर आपटतं, किंवा ढाल स्वतःच्या जडत्वाने पुढे जाते, आणि चेन थांबते. तुमच्या करवतीत ती थांबणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. अशी करवत दुरुस्त करा, गुरगुरू द्या, वडिलांची आठवण म्हणून मिरवा. पण उभं झाड पाडायला, शिडीवरून किंवा खांद्याच्या वर फांदी कापायला, ताणाखाली अडकलेलं खोड सोडवायला ती कधीही घेऊ नका. त्या कामांना ब्रेकवाली नवी करवत आणि शिकलेला माणूस लागतो.

उरतं ते एक काम: लाकडी घोडीवर (ओंडका टेकवायच्या तिवईवर) पक्कं बसवलेला सुटा ओंडका. तो कापताना बारचा खालचा, इंजिनाजवळचा भाग वापरा, टोक नेहमी लाकडाबाहेर मोकळं दिसलं पाहिजे. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण गुंडाळलेला हवा, डावा हात ताठ, आणि तुमचं डोकं बारच्या रेषेत नाही तर बाजूला. कमी किकबॅकची नवी चेन घाला, तिने धोका कमी होतो, संपत नाही. यंत्र जमिनीवर ठेवून, पायाने दाबून सुरू करायचं. हवेत झटका देऊन सुरू करणारे लोक व्हिडिओत दिसतात, त्यांची नक्कल नको. आणि थ्रॉटल सोडल्यावर चेन जागेवर उभी राहत नसेल तर त्या दिवशी कापायचंच नाही, आधी आयडल आणि क्लचच्या स्प्रिंगा बघायच्या.

अंगावर काय, हेही सांगतो, कारण साडी किंवा ओढणीवर काम करणारे फोटो मला आले आहेत. जाळीचा मुखवटा असलेलं हेल्मेट, कानांवर मफ (आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो), बूट, आणि पायांना चेनसॉसाठीच बनवलेली पँट किंवा चॅप्स (पँटवरून बांधायचं पायांचं आवरण). चॅप्समधले लांब धागे चेनमध्ये ओढले जाऊन स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, जाम करतात. जाड जीन्सने ते होत नाही. बऱ्याच जुन्या करवतींचं हँडल रबरावर बसवलेलं नसतं, सगळी थरथर हातात येते. बोटं बधिर किंवा पांढरी पडायला लागली की यंत्र खाली ठेवा.

प्रश्न: सिलिंडरवर ओरखडे आहेत. भोसरीत बोअर करून घेऊ का? (पिंपरी)

आधी लोहचुंबक आतल्या भिंतीला लावून बघा. चिकटला तर लोखंडी लायनर असण्याची शक्यता आहे, मग ओव्हरसाइज पिस्टन मिळतोय का ते बघून बोअर करा. चिकटला नाही तर भिंत बहुधा ॲल्युमिनियमवर क्रोमचा थर दिलेली आहे आणि बोअर केलं की थरच निघून जाईल. एक इशारा: बाहेरचा सांगाडा बऱ्याच करवतींत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी मारलं तर आग भडकते. लेथवाल्याला किंवा वेल्डरला हे काम देण्याआधी सांगायला विसरू नका.

प्रश्न: जुन्या बाजारातून गोल कानस आणली, पण चेनला धार येत नाही. लाकूड बाभळीचं आहे. (धायरी)

कानस चुकीच्या मापाची असेल. चेनवरच्या लागोपाठ तीन रिबिटांमधलं अंतर मोजा. साडेसोळा मिलिमीटर आलं तर 4.8 ची कानस लागते. एकोणीस किंवा साडेवीस आलं तर साधारण 5.5 ची. दाताच्या वरच्या कडेला बहुधा तिरकी खूण असते, नसेल तर 30 अंश धरा. फक्त पुढे ढकला, मागे ओढताना उचला, आणि प्रत्येक दाताला सारखेच घास द्या. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो. दातापुढचा ठेंगू उंचवटा दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली हवा. जास्त घासलात तर करवत लाकडात धडाधड शिरते आणि किकबॅक वाढतो. बाभूळ चेन लवकर बोथट करते हे खरं, पण सालीत अडकलेली माती त्याहून लवकर. आधी ब्रश मारा.

चेन यंत्राबरोबरच आलेली जुनी असेल तर धार काढत बसू नका, नवी घ्या. बारला गॅरेजमधलं काळं, जळकं ऑइल घालू नका. फुकट मिळतं म्हणून सगळे घालतात, पण त्यात धातूचा कीस असतो आणि ते उडून कातडीवर बसतं, ते चांगलं नाही. बऱ्याच जुन्या करवतींत ऑइलचा पंप अंगठ्याने दाबायचा असतो. तसा असेल तर कापताना दर थोड्या वेळाने दाबत राहा.

प्रश्न: सोसायटीतला गुलमोहर कलला आहे. चेनसॉ आता चालू झाली आहे, सभासद म्हणतात तुम्हीच काढा. (सहकारनगर)

तीन वेळा नाही. कललेल्या गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, ते कधी चिरेल सांगता येत नाही, आणि तुमच्या करवतीला ब्रेक आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय झाड आपल्या आवारात असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे करायचा. झाड पन्नास वर्षांहून जुनं असेल तर 2021 च्या दुरुस्तीनंतर नियम आणखी कडक आहेत. धोका आजच वाटत असेल तर 101 वर अग्निशमन दलाला कळवा, तारा जवळ असतील तर महावितरणलाही. झाड रीतसर उतरल्यावर उरलेले ओंडके तुमच्या घोडीवर यायला हरकत नाही.

मुळशी-भोरकडे शेतात झाड असणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे, 1964 चा. त्यात साग, आंबा, जांभूळ, हिरडा अशा झाडांची यादी आहे. बांधावरचं आहे म्हणून आपलंच, असं धरू नका.

प्रश्न: रंग देऊन नवीकोरी करू का? विकली तर किती येतील? (नारायण पेठ)

रंग नका देऊ. रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि ॲसिड सांगाड्याच्या मॅग्नेशियमला. किमतीचं म्हणाल तर चालू स्थितीतली, मूळ रंगातली, नंबरपट्टी शाबूत असलेली करवत हौशी माणूस घेतो, बाकी भंगाराच्या भावात जाते. विकताना ब्रेक नसल्याचं घेणाऱ्याला लिहून द्या.