रसदबंधू, समवाटेकरी की चाचे?

प्रश्न असा आहे : चौदाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेला जर्मन समुद्री लुटारू क्लाउस श्टोर्टेबेकर याच्याबद्दल वाचताना त्याच्या टोळीला 'व्हिटालियनब्र्यूडर' आणि 'लिकेडीलर' अशी दोन नावे भेटतात. मराठीत दोन्हींना सरसकट 'चाचे' म्हटले तर चालेल का?

मला ते पटत नाही. 'व्हिटालियन' म्हणजे शिधासामग्री, 'ब्र्यूडर' म्हणजे भाऊ. १३८९नंतर डेन्मार्कच्या राणी मार्गरेटच्या फौजेने स्टॉकहोमला वेढा घातला, तेव्हा स्वीडनचा राजा आल्ब्रेख्त याच्या मेक्लेनबुर्ग या जर्मन घराण्याच्या बाजूने या लोकांनी डॅनिश जहाजे लुटली आणि शहरात धान्य पोचवले. रोस्टोक आणि विस्मार ही बंदरे त्यांना मोकळी होती. नाव त्यावरून पडले, असे सहसा सांगतात. पण फ्रान्समध्ये स्वतःचा शिधा स्वतः मिळवून लढणाऱ्या शिपायांनाही याच मुळापासून आलेले नाव होते, आणि मला ही उपपत्ती जास्त सयुक्तिक वाटते. आपला 'रसद' दोन्ही अर्थांना पुरतो. रसद पोचवतात, तशी मारतातही. म्हणून मी 'रसदबंधू' लिहीन.

१३९५मध्ये तह झाला आणि पाठीशी असलेला राजा गेला. लूट मात्र थांबली नाही. १३९८मध्ये ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, त्यांना गोटलंड बेटावरून हुसकले, तेव्हा पुष्कळजण उत्तर समुद्राकडे, फ्रिसियाच्या किनाऱ्यावर गेले. 'लिकेडीलर' हे नाव या काळातले. 'लिके' म्हणजे सारखा, 'डील' म्हणजे वाटा. यासाठी 'समवाटेकरी' चपखल आहे. वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी कानाला 'वाटेकरी' म्हटले की मिळकतीबरोबर पापही आठवते. तो अर्थ मूळ शब्दात नाही, पण इथे शोभतो.

'चाचे' हा शब्द हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांच्या तोंडचा समजावा. मुंबईचे इंग्रज सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणत. आपण मात्र त्यांना आरमारप्रमुख म्हणतो. श्टोर्टेबेकरचा शिरच्छेद हॅम्बुर्गच्या ग्रासब्रोक मैदानात झाला, परंपरेने १४०१मध्ये. त्या प्रसंगाबद्दल लिहिताना 'चाचा' जरूर वापरावा.

आता त्याचे आडनाव. लो जर्मनमध्ये, म्हणजे उत्तर जर्मनीच्या भाषेत, त्याचा अर्थ 'पेला उपडा कर' असा होतो. चार लिटरचा पेला तो एका दमात संपवी, अशी दंतकथा आहे. विस्मारच्या १३८०च्या नोंदवहीत 'निकोलाओ श्टोर्टेबेकर' हे नाव सापडते (क्लाउस हे निकोलाउसचेच लघुरूप), तेही मारामारीत हाडे मोडलेला माणूस म्हणून. तो हाच की दुसरा, यावर वाद आहे. पण नावाला मराठी जोड द्यायचीच, तर 'रिचवणे' हेच क्रियापद घ्यावे. 'पिणे' त्यापुढे फार मिळमिळीत पडते.