फ्लॅट की राउंड? बेसच्या तारांविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांचा सूर एकच: बेस गिटारवर अमक्या वादकासारखा आवाज हवाय, तारांचा कोणता सेट घेऊ? बहुतेकांनी कंपनी आधीच ठरवलेली आहे. मी ती सगळ्यात शेवटी ठरवीन. राउंडवाउंड तारेवर बाहेरून गोल तार गुंडाळलेली असते, फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी, एवढं आधी लक्षात ठेवा.

मोटाउनची जुनी गाणी ऐकून जेम्स जेमरसनच्या प्रेमात पडलोय. माझ्याकडे सेकंडहँड जॅझ बेसची कॉपी आहे, त्यावर साध्या निकेलच्या राउंडवाउंड स्ट्रिंग्ज. ला बेलाचा फ्लॅटवाउंड सेट घातला की तो टोन येईल का? महाग आहे म्हणून विचारतो. – विद्यार्थी, कोथरूड

अर्धा येईल. उरलेला अर्धा जवळजवळ फुकट आहे, तो आधी मिळवा.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेमरसन मुळात डबल बेस (उभा, मोठ्या व्हायोलिनसारखा) वाजवणारा. इलेक्ट्रिक बेस हातात आला तरी एकट्या तर्जनीने वाजवायची सवय त्याने सोडली नाही. १९६२चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, तारा चांगल्या उंच, ब्रिजच्या (तारा खाली जिथे अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम आणि ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा. त्यासुद्धा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, असा त्याचा खाक्या.

यातला फोम सर्वांत स्वस्त. बोहरी आळीतून पॅकिंगचा साधा फोम आणा, बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजला चिकटून तारांखाली सरकवा. सूर नीट लागला पाहिजे, पण लगेच विझलाही पाहिजे. फोम जास्त दाबला गेला तर नुसती थडथड ऐकू येते. मग पट्टी थोडी पातळ करा. ब्रिजकडचा पिकअप (तारेचा कंप टिपणारं चुंबक) बंद, नेककडचा पूर्ण, टोनचं बटण निम्म्याच्या खाली. एका बोटाने महिनाभर असं वाजवा.

तरीही बोटं सरकताना होणारी खरखर खुपली, तर फ्लॅटवाउंड घ्या. त्यांचं बाहेरचं वेटोळं चपट्या पट्टीचं असतं, त्यामुळे खरखर जाते आणि वरची चकाकीही उतरते. मात्र जेमरसनचा ५२ ते ११०चा सेट नको (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). त्याचा ताण इतका असतो की नेक पुढे वाकते, नेकच्या आतली सळई म्हणजे ट्रस रॉड फिरवावा लागतो, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात, आणि डाव्या हाताचं काय होईल ते वेगळंच. त्याच कंपनीचा ४३ ते १०४चा सेट बघा. नव्या फ्लॅट तारा सुरुवातीला बऱ्याच उजळ वाजतात. फसलो म्हणून काढून टाकू नका, त्या मुरू द्या.

आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा खणखणाट हवाय. सगळ्यात ब्राइट राउंडवाउंड कोणत्या? – निगडी

हॅरिस फ्लॅटवाउंड वाजवतो! रोटोसाउंड ही तारांची कंपनी त्याच्या नावाने ५० ते ११०चा सेट विकते. दोन बोटांनी तो इतक्या जोरात वाजवतो की तार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटते, खणखणाट तिथला. शिवाय त्याच्या तारा ताज्या असतात. जेमरसनही प्रिसिजनवर जाड फ्लॅटच वाजवायचा, आणि दोघांच्या आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तेव्हा तुम्ही आहे तोच सेट ठेवून आधी हात सुधारा.

जॅको पास्टोरियससाठी माझ्या बेसचे फ्रेट काढून घेतले. आता रोटोसाउंडच्या स्टीलच्या राउंडवाउंड लावल्या तर रोझवुडचा फिंगरबोर्ड खराब होईल का? – औंध

होईल. स्टीलची राउंडवाउंड तार कानसच आहे. जॅकोने त्याच तारा वापरल्या, पण त्याच्या १९६२च्या जॅझ बेसच्या बोर्डवर बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा कडक थर होता. त्या थराने लाकूड वाचलं आणि आवाजही उजळला.

तुम्हाला हवा आहे तो जॅकोचा गाणारा ‘म्वॉ’ आवाज कसा येतो ते बघा. मिरजेच्या तंबोऱ्यात जवारी जुळली की तार घोडीच्या सपाटीला हलकेच घासत राहते आणि सूर फुलतो. फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर, हेच काम बोर्ड करतो. म्हणून तारा खाली हव्यात आणि नेक जवळजवळ सरळ. ब्रिजकडचा पिकअप उघडा, बोटंही तिकडेच न्या. हे झालं की निकेलच्या राउंडवाउंडवरही सूर गातो, आणि निकेल स्टीलपेक्षा बोर्डला कमी खातं. तरी रेघा पडतीलच, त्या सोसायच्या. इपॉक्सी घरी ओतायच्या फंदात पडू नका.

मार्कस मिलरसारखं स्लॅप करतो (अंगठ्याने तार ठोकून वाजवतो). पावसाळ्यात नव्या स्ट्रिंग्ज पंधरा दिवसांत मरतात. उकळल्या तर चालतात का? – वारजे

चालतात, थोडे दिवस. घाम आणि मळ वेटोळ्यांच्या फटीत बसतो, तार नीट कंप पावत नाही आणि स्लॅपची ठिणगी विझते. दहा मिनिटं उकळल्यावर मळ सुटतो. पण तार पूर्ण कोरडी केली नाहीत तर आपल्या जुलैत ती आतून गंजते, आणि खुंटीवरचा वाक पुन्हा पुन्हा सरळ केला की तिथेच तुटते. त्यापेक्षा वाजवण्याआधी हात धुवा, नंतर जुन्या पंच्याच्या तुकड्याने प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. हात फारच घामट असतील तर एलिक्सरसारख्या कोटिंगच्या तारा परवडतात. पहिल्या दिवशीचा चरचरीतपणा किंचित कमी, पण टिकतात. भांडं मात्र स्वयंपाकाचं घेऊ नका.

फिरोदिया करंडक स्पर्धेतल्या एकांकिकेसाठी बीटल्सचं वातावरण हवंय. मित्राचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस मिळालाय, पण आम्ही साध्या ३४ इंची स्केलच्या फ्लॅटवाउंड मागवल्या. कापून बसवू का? – डेक्कन

नको, बदलून घ्या. बीटल्सच्या मॅकार्टनीच्या हॉफनर बेसची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) ३० इंची, म्हणून शॉर्ट स्केलचा सेट लागतो. ३४ इंचीच्या सेटमध्ये तार जिथे बारीक होते तो भाग नटच्या बराच पुढे जातो आणि पूर्ण जाडीची तार खुंटीभोवती गुंडाळावी लागते. फ्लॅटवाउंडची पट्टी तिथे उकलते. नवा सेट आला की तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच ठेवून आधी काटकोनात मोडा आणि मगच पुढे कापा, नाहीतर वेटोळं आतल्या तारेवर फिरून सैल पडतं.