वाचकांचे प्रश्न : जुने चिन्ह नव्याने गिरवताना

प्रश्न : आमचे सांगलीत हळदीचे अडत दुकान आहे. आजोबांच्या काळापासून मालावर छापले जाणारे वर्तुळातील समईचे चिन्ह आता एका जुन्या कापडी पिशवीवर चिकटवलेल्या लेबलावरच काय ते उरले आहे, कारण छपाईचा जस्ताचा ब्लॉक २०१९ च्या महापुरात गेला. लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून मी संगणकावर आपोआप ट्रेस करून, म्हणजे त्यावरून रेषांचे चित्र तयार करून घेतला. पडद्यावर चित्र बरे दिसते, परंतु व्हिनाइल (पाटीवर चिकटवायचे रंगीत प्लास्टिक) कापून देणाऱ्यांनी 'नोड (रेषेचे तुकडे जिथे जुळतात ते बिंदू) फार आहेत, कडा खरबरीत येतील, हाताने ट्रेस करून आणा' असे सांगून फाइल परत केली. मला कोरलड्रॉ हे रेखाचित्रांचे सॉफ्टवेअर थोडेफार येते. हे काम कसे करावे? — एक वाचक, वखारभाग, सांगली

उत्तर : फाइल परत करणाऱ्यांनी आपल्यावर उपकारच केले आहेत. तीच फाइल त्यांनी तशीच कापून दिली असती, तर दोष आपल्याला दुकानावर पाटी चढल्यानंतर दिसला असता.

आपोआप होणारा ट्रेस कुठे गडद संपते आणि कुठे फिकट सुरू होते, एवढेच पाहतो. आपले लेबल ब्लॉकवरून छापलेले आहे. अशा छपाईत दाबामुळे शाई आकाराच्या कडेबाहेर थोडी सरकते, कागदाच्या तंतूंत मुरते, आणि ब्लॉक झिजलेला असेल तर मध्येच रेघ तुटते. त्यावर इतक्या वर्षांचे हळदीचे डाग आणि मोबाइलने टाकलेली सावली यांची भर पडलेली असणार. संगणकाच्या लेखी हे सगळेच चित्र असते. समईच्या दांड्यात शाई न लागल्यामुळे पडलेली फट ही फट नसून दांडाच आहे, हे आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही. कडा गुळगुळीत करण्याची सोय त्यात असते, पण ती खरबरीतपणाबरोबर ज्योतीचे टोकही बोथट करून ठेवते. राहिला नोडचा प्रश्न. कटिंग प्लॉटरचे, म्हणजे व्हिनाइल कापणाऱ्या यंत्राचे, पाते एका नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंतचा तुकडा कापत जाते. जिथे चार नोड पुरतात तिथे चारशे असले, तर पाते क्षणाक्षणाला दिशा बदलते आणि कडेवर बारीक दाते उमटतात.

प्रथम मूळ चित्र नीट मिळवावे. लेबल सपाट करून स्कॅनरवर ठेवता आले तर ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे. चिन्ह ४ सेंटिमीटर रुंद असेल तर त्यातून सुमारे ९४५ पिक्सेल रुंदीचे चित्र मिळते आणि गिरवण्यासाठी तेवढे पुरेसे असते. पिशवी स्कॅनरवर बसत नसेल, तर ती काचेखाली दाबून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, थोडे लांबून झूम करून फोटो घ्यावा, कारण जवळून घेतलेल्या फोटोत चित्राच्या कडा फाकतात. आपल्या चिन्हाभोवती वर्तुळ आहे ही एक मोठीच सोय आहे. फोटोतील वर्तुळाची रुंदी आणि उंची मोजावी. ती सारखी नसतील तर फोटो तिरपा आला आहे असे समजावे आणि वर्तुळ गोल होईपर्यंत चित्र सरळ करून मगच पुढे जावे.

हे चित्र सर्वांत खालच्या लेअरवर (एकावर एक असलेल्या पारदर्शक थरांपैकी एकावर) ठेवून निम्मे फिकट करावे आणि लेअर कुलूपबंद करावा. वरच्या लेअरवर, आत रंग न भरता, बारीक लाल रेषेने काम सुरू करावे. काळ्या चित्रावर काळ्या रेषेने काम करणारे पुष्कळ जण पाहिले आहेत. आपली रेषा कुठे चुकली ते त्यांना शेवटपर्यंत दिसत नाही.

बाहेरचे वर्तुळ पेन टूलने, म्हणजे एकेक नोड देत रेषा काढण्याच्या साधनाने, गिरवू नये. त्यासाठी वर्तुळाचे साधन आहे; दोन एककेंद्री वर्तुळे काढून एकत्र केली की कडे तयार होते. पेन टूल लागते ते समईसाठी. त्यातून निघणाऱ्या रेषेला बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे रेनॉ या मोटार कंपनीतील अभियंते होते आणि १९६० च्या दशकात मोटारींच्या पत्र्याची वळणे संगणकाला सांगता यावीत यासाठी त्यांनी ही पद्धत रूढ केली. सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो १९५९ मध्येच त्याच गणितापर्यंत पोहोचले होते. आपल्या कामापुरते एवढे लक्षात ठेवले तरी चालेल की वक्राचा प्रत्येक तुकडा चार बिंदूंनी ठरतो. दोन टोकांना दोन नोड असतात आणि प्रत्येक नोडमधून एक हँडल निघते. रेषा नोडमधून बाहेर पडते ती हँडलच्या दिशेने, आणि हँडल जितके लांब तितका वेळ ती त्या दिशेला धरून राहते.

नवशिक्याचा हात दर दोन मिलिमीटरवर एक क्लिक करतो. ही सवय मोडावी लागते. वळणदार आकारात नोड शक्यतो त्याच्या टोकाच्या जागी द्यावेत, म्हणजे जिथे आकार सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे किंवा सर्वांत उजवीकडे पोहोचतो तिथे. आणि तेथील हँडल कंट्रोल की दाबून अगदी आडवे किंवा अगदी उभे ठेवावे. संगणक पूर्ण वर्तुळसुद्धा अशा चारच नोडवर उभे करतो. त्यात हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ५५ टक्के असते आणि खऱ्या वर्तुळापासूनचा फरक दहा हजारांत तीन भागांपेक्षा कमी राहतो. चार नोडांत वर्तुळ निघत असेल तर समईच्या तबकाच्या काठाला किती लागतील, याचा अंदाज यावरून यावा. सर्वसाधारण वळणात हँडल त्या तुकड्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असले की रेषा सहज दिसते. ते निम्म्याच्या पुढे जाऊ लागले, तर मध्ये एखादा नोड कमी पडतो आहे असे समजावे.

नोडचा प्रकारही पाहावा. जिथे रेषा न मोडता वळते तिथे स्मूद नोड आणि जिथे कोपरा आहे तिथे कस्प नोड ठेवावा. ज्योतीचे टोक कस्प असेल, तिचे पोट दोन्ही बाजूंनी स्मूद असेल. समईच्या दांड्यावरील कड्यांच्या खाचा बहुधा कस्प असतील, पण छपाईत शाई भरल्यामुळे त्या गोल दिसत असतील. इथे दिसते ते काढायचे की कारागिराने ब्लॉकवर कोरले असेल ते काढायचे, हे ठरवावे लागते. मी कोरलेले काढीन. शाईचा फुगवटा सर्व बाजूंनी साधारण सारखा असतो, म्हणून लाल रेषा काळ्या कडेच्या केसभर आतून न्यावी.

समईचा देह दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे निम्माच काढावा, तो उलटवून शेजारी ठेवावा आणि दोन्ही भाग वेल्ड करावेत, म्हणजे जोडून त्यांचा एकच आकार करावा. ज्योतीला मात्र हा न्याय लावू नये. जुन्या चित्रांत ज्योत किंचित कललेली असते. ती आरशातल्यासारखी नेमकी केली की समई विजेच्या दिव्यासारखी दिसू लागते. ज्योतीभोवतीचे किरण नुसत्या रेषा म्हणून काढले असतील, तर त्यांना जाडी देऊन शेवटी त्या आउटलाइनचे आकारात रूपांतर करावे. नाही तर चिन्ह मोठे केल्यावर किरण आहेत तेवढेच बारीक राहण्याची शक्यता असते, आणि प्लॉटर तर जाडी पाहतच नाही, तो फक्त मधल्या रेषेवरून पाते फिरवतो.

काम झाले असे वाटले की खालचे चित्र झाकावे, आकारात काळा रंग भरावा आणि चिन्ह दीड सेंटिमीटर करून पाहावे. जे कोनाडे या आकारात बुजतात ते पुडीवरच्या लेबलातही बुजणार आहेत. त्यानंतर वायरफ्रेम दृश्यात (यात रंगाशिवाय फक्त बाह्यरेषा दिसतात) एकदा नजर फिरवावी. एकावर एक पडलेले तुकडे तिथे लगेच उघडे पडतात. बारदानावर रंग मारण्यासाठी स्टॅन्सिल करायचा असेल तर मात्र हीच फाइल देऊ नये. बंद आकाराच्या आतील बेट पत्रा कापताच गळून पडते, म्हणून त्याला बाहेरच्या पत्र्याशी जोडणाऱ्या पट्ट्या ठेवलेली दुसरी प्रत करावी लागते.

प्रश्न : माझे वडील मिरजेत पाट्या रंगवत असत. त्यांच्या हातच्या 'रसवंती' या पाटीची अक्षरे मला संगणकावर जपून ठेवायची आहेत. जवळचा एखादा फाँट घेऊन त्यात बदल करणे योग्य होईल काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : फाँट घेऊ नये. जवळचा फाँट मिळालाच तर त्याचे वळण आपल्या नकळत वडिलांच्या वळणावर स्वार होईल, आणि शेवटी हाती उरेल तो सगळीकडे दिसणारा फाँट.

पाटी रंगवणारा अक्षराची बाह्यरेषा काढत बसत नाही. तो चपट्या ब्रशने एकेक फटकारा ओढतो. आपणही तसेच करावे. शिरोरेषा हा एक स्वतंत्र आकार, 'स', 'व' आणि 'त' यांचे उभे दंड हे स्वतंत्र आकार, 'व'चे पोट वेगळे, 'ती'ची वेलांटी वेगळी, असे फटकारे सुटे सुटे ट्रेस करावेत आणि ते एकमेकांत थोडे घुसू द्यावेत. संपूर्ण शब्दाभोवती एकच रेषा फिरवली, तर सांध्यापाशी हात अडखळतो आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरागणिक वरखाली होते. सुटे आकार तयार झाले की त्यांची एक प्रत तशीच राखून ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीत सगळे वेल्ड करावेत. वेल्ड न करता अक्षरे कापायला दिली, तर पाते प्रत्येक सांध्यावर आरपार जाते. मी हे एका लांबलचक पाटीचे पूर्ण व्हिनाइल वाया घालवून शिकलो आहे, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा होता.

'व'च्या पोटातील पोकळीकडे विशेष लक्ष द्यावे. आतील आणि बाहेरील रेषा समांतर असतात असे गृहीत धरल्यास अक्षर नळीसारखे दिसते. ब्रश वळताना जाडी बदलते आणि अक्षराचा जिवंतपणा त्या बदलातच असतो, म्हणून आतील पोकळी हा वेगळा आकार मानून स्वतंत्रपणे ट्रेस करावी. अनुस्वार ब्रशने एकदाच टेकवलेला असेल तर तो गोल नसेल. तिथे वर्तुळ ठेवण्याचा मोह टाळावा. उभे दंड आणि शिरोरेषा यांची जाडी मोजून पाहावी. समान जाडीची आडवी पट्टी डोळ्यांना उभ्या पट्टीपेक्षा जाड भासते, त्यामुळे जाणता हात आडवी रेषा अनेकदा थोडी बारीक ठेवतो. ती चूक समजून सारखी करू नये.

तिन्ही दंड अगदी एकसारखे नसतील. पाटी नव्याने दुकानावर लावायची असती, तर सर्वांत चांगला दंड निवडून त्याच्या प्रती करा असे मी सुचवले असते. आपल्याला वडिलांचा हात जपायचा आहे, म्हणून तिन्ही जसे आहेत तसेच राहू द्यावेत. मात्र पत्रा फुगून आलेला पोपडा किंवा ओघळलेला रंग गिरवण्याचे कारण नाही.

प्रश्न : ट्रेस करण्यासाठी पेन टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) घेणे आवश्यक आहे काय? इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले काम छापखान्यात चालते काय? — एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आवश्यक नाही. नोड ठेवून ते हलवण्याचे काम माउसने उलट अधिक नेमके होते. टॅब्लेटचा उपयोग मुक्तहस्त चित्रासाठी. इंकस्केप मोफत आहे आणि या कामाला कुठेही कमी पडत नाही. छापखान्याला पीडीएफ करून द्यावे. एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) दिल्यास आकार तपासून घ्यावा, कारण इंकस्केप एका इंचाला ९६ पिक्सेल धरते आणि काही सॉफ्टवेअर ७२ धरतात, त्यामुळे दुसरीकडे उघडलेले चित्र कधी कधी एक-तृतीयांशाने मोठे निघते. चित्राशेजारी बरोबर १०० मिलिमीटरची रेषा ठेवून दिली की समोरच्याला फरक लगेच कळतो.

प्रश्न : इंटरनेटवरील अजिंक्यताऱ्याच्या फोटोवरून मी दरवाजाचे रेखाचित्र ट्रेस केले असून ते टी-शर्टवर छापून विकण्याचा विचार आहे. प्रत्येक रेषा मी स्वतः काढली असल्यामुळे चित्र माझेच ठरते ना? — एक वाचक, सातारा

उत्तर : तसे ठरत नाही. किल्ल्याचे चित्र काढण्यावर कोणाचा हक्क नाही, पण त्या फोटोवर तो काढणाऱ्याचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि तिच्यावरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. त्याच फोटोतील कोन आणि मांडणी रेषेत उतरवली, तर परवानगी लागते; विक्रीसाठी असेल तर निश्चितच. साताऱ्यात राहून यासाठी दुसऱ्याचा फोटो घेण्याची गरजही नाही. सकाळी गडावर जाऊन दरवाजासमोर पुरेसे मागे उभे राहावे आणि मोबाइल सरळ धरून, दोन्ही बुरूज चौकटीत येतील असा फोटो आपणच घ्यावा. ऊन तिरपे असताना दगडांचे सांधे सावलीने स्पष्ट होतात, आणि त्यांपैकी कोणते ठेवायचे व कोणते गाळायचे हे ट्रेस करताना ठरवणे सोपे जाते. टी-शर्टसाठी बहुतेक गाळावेच लागतील.