एक्स आला कुठून? मातृवंशाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या एका लेखात एक्स या दुर्मीळ मातृवंशाचा, म्हणजे आई, तिची आई, तिचीही आई अशा रेघेने चालत आलेल्या वंशाचा, ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून पत्रांचा ओघ थांबलेला नाही. पत्रं पुष्कळ, गोंधळ मात्र तोच तो, म्हणून यावेळी निवडक प्रश्न एकत्र घेते आहे.

प्रश्न : एक्स मातृवंश म्हणजे एक्स गुणसूत्राशी संबंधित काही असतं का? (विद्यार्थिनी, नाशिक)

नाही. एक्स गुणसूत्र पेशीच्या केंद्रकात असतं. हा एक्स म्हणजे तंतुकणिकेतल्या, म्हणजे केंद्रकाबाहेर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या एका शाखेला दिलेलं अक्षर आहे. शाखा सापडत गेल्या तशी अक्षरं वाटली गेली. डब्ल्यूनंतर एक्स आला.

प्रश्न : आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. चौदा पिढ्यांची नोंद आहे. त्यावरून मातृवंश काढता येईल का? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

नाही, आणि तो दोष तुमच्या कुलवृत्तांताचा नाही. त्यात बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ असते. बायका येतात त्या ‘माहेरच्या अमुक’ एवढ्या दोन शब्दांत, आणि कधी तेवढ्याही नाही. मातृवंश म्हणजे आईचं माहेर, मग तिच्या आईचं माहेर, मग तिच्याही आईचं. दर पिढीला घर बदलतं, आडनाव बदलतं, बहुधा गावही बदलतं. कागदावर हा धागा तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच तुटतो. तंतुकणिकेतला डीएनए मात्र आईकडून मुलांना जवळजवळ जसाच्या तसा मिळत राहतो. मुलांनाही मिळतो, मुलींनाही, पण पुढे देतात त्या मुलीच.

आणखी एक. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. मातृवंश त्यातल्या एका बाईबद्दल बोलतो. उरलेल्या १,०२३ जणांबद्दल तो मुका आहे. चाचणीवर पैसे घालवण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : मी आणि माझी बहीण, दोघांनीही चाचणी करावी का? (पुणे)

एकीने केली तरी पुरे.

प्रश्न : माझ्या अहवालात १६१८९, १६२२३ आणि १६२७८ हे तीन आकडे आहेत. इंटरनेटवर शोधलं तर हेच एक्सचे आकडे निघाले. मी मूळचा पश्चिम आशियातला समजू का? (अभियंता, सांगली)

घाई करू नका. हे आकडे म्हणजे एका संदर्भ-क्रमापेक्षा तुमचा डीएनए कुठे वेगळा आहे त्या जागा. तो संदर्भ-क्रम १९८१ साली केंब्रिजमध्ये वाचला गेला आणि तो युरोपात सर्रास आढळणाऱ्या एच शाखेतला आहे. म्हणजे मोजपट्टीच एच या टोकाला धरलेली आहे. १६२२३ चा फरक एक्समध्ये दिसतो हे खरं, पण तो एम शाखेतही दिसतो, आणि भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा मातृवंश एम आहे. मग तुमच्या गल्लीत अर्धे लोक ‘पश्चिम आशियातले’ निघतील!

राहिले दोन. १६२७८ ही जागा वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा बदललेली आहे. आफ्रिकेतल्या एल२ शाखेतही ती भेटते. १६१८९ चं तर विचारूच नका. तिथे डीएनएच्या अक्षरांतल्या ‘टी’चा ‘सी’ झाला की आजूबाजूच्या ‘सी’ अक्षरांची सलग रांग तयार होते आणि वाचणारं यंत्रसुद्धा तिथे अडखळतं.

तुमची चाचणी एका छोट्या तुकड्याची आहे. तंतुकणिकेचा पूर्ण डीएनए १६,५६९ अक्षरांचा असतो. निर्णय बाकीच्या भागात लागतो: ४८९ आणि १०४०० इथे बदल असतील तर एम, ६२२१, ६३७१, १३९६६ आणि १४४७० इथे असतील तर एक्स. माझा अंदाज एमचा आहे, पण अंदाजावर वंश ठरवू नये. पूर्ण क्रमाची फाइल मिळते का ते विचारा आणि ती मानवी आनुवंशिकीच्या जाणकाराला दाखवा. तोवर मुलीच्या लग्नपत्रिकेत काही छापू नका. (थट्टा नाही, असं एक पत्र खरंच आलं आहे.)

प्रश्न : एक्सचा उगम नेमका कुठला? (नागपूर)

पश्चिम आशिया, साधारण ३० हजार वर्षांपूर्वी, असं आजचं मत आहे. त्याच्या दोन मोठ्या फांद्या. एक्स१ मुख्यतः उत्तर आणि पूर्व आफ्रिकेत राहिली. एक्स२ हिमयुगाचा कडाका ओसरू लागला त्या सुमारास फैलावली आणि युरोप, कॉकेशस, पश्चिम आशिया अशी सगळीकडे विरळ पसरली. बहुतेक ठिकाणी तिचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास. जॉर्जियात आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कने बेटांवर ते सात-आठ टक्क्यांपर्यंत जातं. इस्रायलमधल्या गॅलिलीच्या द्रूझ समाजात एक्स नुसता जास्त नाही, तर त्याचे नाना प्रकार एकत्र सापडतात. अकराव्या शतकापासून हा समाज बाहेरच्या कुणाला धर्मात घेत नाही. त्यामुळे शेजारपाजारी पुसट झालेलं जुनं वैविध्य तिथे टिकून राहिलं, असं २००८ च्या एका अभ्यासात मांडलं गेलं. भारतात एक्स फारच क्वचित.

प्रश्न : अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांमध्ये एक्स भरपूर आहे आणि तो युरोपातही आहे. म्हणजे हिमयुगात युरोपीय लोक बर्फाच्या कडेकडेने अटलांटिक ओलांडून गेले, हे सिद्ध झालं ना? इथल्या मराठी मंडळात यावर व्याख्यानही झालं. (न्यू जर्सी)

नाही झालं. हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो, तेव्हा आज सविस्तरच लिहिते.

आधी आकडा. ग्रेट लेक्सच्या परिसरातल्या ओजिब्वे लोकांत एक्सचं प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास आढळलं आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे नू-चा-नुल्थ, मैदानी प्रदेशातले सू आणि नैर्ऋत्येकडचे नावाहो यांच्यातही तो कमी-जास्त प्रमाणात आहे. पण ‘जिथे जास्त तिथला मूळचा’ हा हिशेबच चुकीचा. एखाद्या गावात एकाच आडनावाची चाळीस घरं असली म्हणून ते आडनाव त्या गावात जन्मलं असं होत नाही. कधीकाळी एक कुटुंब येऊन वसलं आणि त्याचा वेलविस्तार झाला, एवढंच. लहान समाजात दोन-चार बायकांना जास्त मुली झाल्या की काही पिढ्यांत टक्केवारी कुठल्या कुठे जाते. उगम शोधायचा तर संख्या नाही, वैविध्य पाहायचं: कुठे फांदीला सर्वांत जुन्या आणि निरनिराळ्या डहाळ्या आहेत?

आता फांदी. अमेरिकेतल्या एक्सची मुख्य फांदी एक्स२ए. ती युरोपात नाही, द्रूझांत नाही, जगात दुसरीकडे कुठेच नाही. युरोपातल्या एक्स२ शी तिचं नातं दूरच्या चुलत बहिणीचं आहे, आई-मुलीचं नाही. मग सायबेरियात तिचा माग लागावा, तर २००१ मध्ये दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई लोकांत एक्स सापडला. लोक हर्षभरित झाले. दोनच वर्षांत स्पष्ट झालं की अल्ताईतली शाखा वेगळी आहे आणि तिथे बरीच अलीकडे पोचली आहे. अटलांटिकवाल्यांनी लगेच उचल खाल्ली: ‘बघा, सायबेरियात नाही, म्हणजे समुद्रावरूनच!’ एका जागी आज काही सापडत नाही, म्हणून ते दुसऱ्या जागेहून आलं, हा तर्क कुठल्या शाळेत शिकवतात? मातृवंश नामशेष होतात. शेवटच्या बाईला मुलगी झाली नाही की संपलं.

आणि मग केनेविक. १९९६ च्या जुलैत वॉशिंग्टन राज्यातल्या केनेविक गावी कोलंबिया नदीत बोटींच्या शर्यती चालल्या होत्या. त्या बघायला आलेली दोन मुलं काठाच्या पाण्यातून चालली होती, त्यांना माणसाची कवटी दिसली. सांगाडा सुमारे साडेआठ ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. चेहऱ्याच्या ठेवणीवरून काहींनी तो ‘युरोपीय धाटणीचा’ ठरवला. आदिवासी राष्ट्रं (तिथल्या जमाती स्वतःला राष्ट्र म्हणवतात) म्हणत होती, हा आमचा पूर्वज, आम्हाला पुरू द्या. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. शेवटी हाताच्या एका लहान हाडाच्या तुकड्यातून डीएनए वाचला गेला आणि २०१५ मध्ये निकाल आला: आजच्या अमेरिकी आदिवासींशीच त्याचं नातं सर्वांत जवळचं, आणि मातृवंश एक्स२ए, तोही या फांदीच्या बुंध्याजवळचा. सापडला कुठे? पॅसिफिककडे वाहणाऱ्या नदीच्या काठी. अटलांटिकच्या किनाऱ्यावर नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला सन्मानाने पुन्हा मातीत ठेवलं गेलं.

काळाचाही मेळ बसत नाही. हिमयुगातल्या युरोपातल्या ज्या सोल्यूत्रियन संस्कृतीचं नाव या कथेत येतं ती फ्रान्स-स्पेनमध्ये १७-१८ हजार वर्षांपूर्वी संपली. तिच्या दगडी हत्यारांशी ज्यांचं नातं जोडलं जातं ती अमेरिकेतली क्लोव्हिस पद्धतीची भाल्याची टोकं सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीची. मधल्या चार-एक हजार वर्षांत हे नावाडी काय करत होते? शिवाय बैकाल सरोवराजवळच्या माल्टा इथल्या २४ हजार वर्षांपूर्वीच्या मुलाचा मातृवंश यू निघाला, म्हणजे ज्यांना आपण पश्चिमेचे म्हणतो ते वंश तेव्हा सायबेरियात वावरतच होते. त्याच लोकांच्या रक्ताचा मोठा वाटा अमेरिकी आदिवासींत आहे. एक्स२ए ला अमेरिकेत न्यायला समुद्राची गरज नाही.

त्या व्याख्यात्यांना हे दाखवा. आणि प्राचीन इस्रायलच्या ‘हरवलेल्या दहा जमाती’ अमेरिकेत पोचल्या असं पुढच्या वेळी ऐकलंत, तर इतकंच विचारा: सुमारे दोन हजार सातशे वर्षांपूर्वी हरवलेल्या लोकांचा वंश नऊ हजार वर्षांपूर्वीच्या हाडात कसा?

प्रश्न : आमच्याकडचे बेने इस्रायल मूळचे पश्चिम आशियातले, मग त्यांच्यात एक्स असणार ना? (अलिबाग)

‘असणार’ म्हणता येत नाही. कोकणातल्या या ज्यू समाजाचा पश्चिम आशियातल्या ज्यू लोकांशी संबंध २०१६ मध्ये संपूर्ण जनुकीय अभ्यासातून दिसला आहे, पण त्यांचे मातृवंश बहुतांशी भारतीयच आहेत. पुरुष बाहेरून आले, लग्नं इथल्या बायकांशी झाली, असा त्याचा सरळ अर्थ. पारशी समाजातही थोडंफार असंच चित्र आहे. कोणत्याही एका कुटुंबाबद्दल मात्र यावरून काही सांगता येणार नाही.

प्रश्न : मिनेसोटात माझ्या मुलाच्या मित्राला एक्स२ए निघाला. त्याला आदिवासी राष्ट्राचं सदस्यत्व मिळेल का? (मिनियापोलिस)

चाचणीच्या जोरावर नाही. सदस्यत्वाचे नियम प्रत्येक राष्ट्राचे स्वतःचे असतात आणि ते कुटुंबाच्या नोंदींवर चालतात. त्या राष्ट्राच्या नोंदणी कार्यालयात विचारा.

प्रश्न : एका कंपनीने कळवलं की माझा मातृवंश ‘अतिदुर्मीळ’ आहे, आणि जादा पैसे भरल्यास त्यानुसार आहार आणि स्वभावाचा अहवाल मिळेल. घ्यावा का? (ठाणे)

नको. मातृवंशावरून तुम्ही भाकरी खावी की पोळी हे कळत नाही, आणि स्वभाव तर नाहीच. ‘दुर्मीळ’ हा शब्दही तपासा. कंपनीच्या ग्राहकांत दुर्मीळ की जगात? ग्राहक मुख्यतः अमेरिका-युरोपातले असतील तर आपल्याकडचा अगदी घरोघरचा वंशही तिथे दुर्मीळच दिसणार. पैसे भरण्याआधी नमुना आणि माहिती पुसून टाकायची सोय आहे का, ते लेखी मागा.

प्रश्न : आजी, आई आणि मामा, तिघांनाही कमी ऐकू येतं. आता माझंही सुरू झालंय. मातृवंश दुर्मीळ असल्यामुळे असं होत असेल का? वंशाची चाचणी मागवली आहे, दोन महिन्यांत अहवाल येईल. (कोल्हापूर)

ताई, तो अहवाल येईपर्यंत थांबू नका. वंशाचं अक्षर आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकण्याचा दोष आईच्या बाजूने चालत आला असेल तर तंतुकणिकेतल्या १५५५ या जागेची शंका घ्यावीच लागते. तिथला एक बदल कोणत्याही वंशात येऊ शकतो, आणि वंशाच्या अहवालात त्याचा उल्लेख असेलच असं नाही. त्या बदलामुळे कानातल्या पेशींचं प्रथिनं बनवणारं यंत्र जंतूंच्या यंत्रासारखं दिसू लागतं, आणि जंतूंना मारणारी जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं कानावरच उलटतात. अगदी नेहमीच्या मात्रेतसुद्धा. मामांची मुलं सुरक्षित, पण तुमची मुलं आणि मावशीची मुलं नाहीत. पूर्वी टीबीसाठी घरात कुणाला इंजेक्शनं दिली होती का, आणि ऐकू येणं त्याआधी कमी झालं की नंतर, हे आजीला विचारून लिहून ठेवा.

कारण हेच असेल असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, ते तपासूनच कळेल. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणतपासणी करा, आईची बाजू पहिल्याच वाक्यात सांगा, आणि त्यांच्याकडून जनुकीय समुपदेशकाची चिठ्ठी घ्या. तोवर घरात कुणालाही इंजेक्शन द्यायची वेळ आली तर ही गोष्ट आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. चालू असलेलं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.