मुलीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला. सोबत किती जणांनी जावं, मुक्काम कुठे करावा?

भाऊ, दोघं पुरे. आख्खं घर नेलं तर मुलगी रांगेत अन् तुम्ही झाडाखाली, एवढंच होतं. मुक्कामाला शेगाव बरं. संस्थानचं भक्तनिवास स्वस्त अन् स्वच्छ, तिथून रेल्वेनं अकोला तासाभराच्या आत. मात्र गुरुवारी किंवा सुट्टीच्या दिवशी खोलीची खात्री धरू नका. एसटीत बायांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्या आजीला फुकट. तिचं आधार कार्ड सोबत घ्या.

खरी काळजी कागदांची. मूळ टीसी कॉलेजात जमा होते, म्हणून झेरॉक्स गावातूनच भरपूर काढून न्या. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. शिष्यवृत्तीसाठी मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, ते निघण्याआधीच बघा. गादी-बादली अकोल्यातच घ्या.